आडनावाच्या मागावर

महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज भरताना आपण आधी आडनाव लिहितो, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे. हजेरीपटावरही आपण आडनावानेच उभे असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आडनाव शेवटी येते. पण हंगेरियन लोक मात्र घरीदारी, पुस्तकावर आणि थडग्यावरही आडनाव आधी लिहितात. इतकेच नव्हे, तर गावाच्या नावाला 'ई' हा प्रत्यय जोडून आडनाव करण्याची त्यांची रीत थेट आपल्या 'कर'सारखी आहे. कोरोश गावचा तो कोरोशी. म्हणजे आपल्या बोलीत कोरोशकर.

हे मला ठाऊक असण्याचे कारण थोडे घरगुती आहे. माझे आडनाव 'कर'ने संपते आणि आमच्या संबंध तालुक्यात ते दोनच घरांत आहे. एक घर आमचे, दुसरे चुलत आजोबांचे. ज्या गावावरून ते पडले असेल, त्या नावाचे गाव जिल्ह्याच्या नकाशात नाही. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी या गावाचा शोध आरंभला. नावात थोडे साम्य असलेली दोन गावे त्यांना कोकणात सापडली. त्यांतल्या एका गावी ते एस.टी.ने तीनदा जाऊन आले. देवळातल्या गुरवाने बसायला घोंगडी दिली, पाणी दिले; पण या आडनावाचे कुणी तेथून बाहेर पडल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते. जुने कागद वाचता यावेत म्हणून आजोबा वयाच्या पासष्टाव्या वर्षी मोडी शिकले. मी तेव्हा अकरावीत होतो. एकदा जेवताना मी त्यांना म्हणालो, की जे सापडतच नाही त्याच्यामागे इतकी वर्षे घालवण्यात काय अर्थ आहे. ते काही बोलले नाहीत. ताटातला भात संपवून हात धुवायला उठले. दोन वर्षांनी ते वारले. गाव सापडले नव्हते.

यंदा इतिहासाच्या निबंधासाठी पुस्तके धुंडाळताना ग्रंथालयात एक जुने इंग्रजी चरित्र माझ्या हाती लागले. डॉ. तिवादार दुका या बंगालमध्ये नोकरी केलेल्या हंगेरियन डॉक्टरने ते १८८५ साली प्रसिद्ध केले. चरित्रनायकाचे नाव कोरोशी चोमा शांदोर. तिबेटी भाषेच्या अभ्यासाचा पाया घालणारा विद्वान म्हणून जग त्याला ओळखते. पण तो घरातून निघाला होता तो तिबेटी शिकण्यासाठी नव्हे. आपल्या लोकांचे मूळ गाव कोणते, हे शोधायला तो निघाला होता. ते वाचल्यावर पुस्तक खाली ठेववेना.

* * *

त्याच्या नावाची फोड प्रथम करतो. चोमा हे घराण्याचे नाव, कोरोशी हे गावाचे आणि शांदोर हे त्याचे स्वतःचे. शांदोर म्हणजेच अलेक्झांडर, म्हणजेच आपला सिकंदर. ट्रान्सिल्व्हेनियातील कोरोश या लहानशा खेड्यातील चर्चमध्ये ४ एप्रिल १७८४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. आज ते खेडे नकाशात शोधू लागलो तर चटकन सापडत नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या तहाने तो मुलूख रुमानियाकडे गेला आणि गावांना रुमानियन नावे आली. शिवाय कोरोश नावाला मिळतीजुळती गावे हंगेरियन मुलखात आणखीही आहेत. केवळ आडनाव हातात घेऊन निघणाऱ्याची वाट अशी पहिल्याच चौकात चुकते. चोमाच्या गावाला मात्र हंगेरियन लोक पुढे त्याच्याच नावाने ओळखू लागले. ते आज चोमाकोरोश झाले आहे. गावावरून माणसाला नाव मिळते, हे आपण जाणतो. येथे माणसावरून गावाला मिळाले.

चोमाचे लोक सेकेय म्हणवले जात. ट्रान्सिल्व्हेनियाच्या पूर्व सीमेवर पहारा करणारी ही हंगेरियन भाषा बोलणारी जमात. घरी गरिबी, पण मान ताठ. आपण हूणांचा राजा अत्तिला याच्या सैन्याचे वंशज, अशी त्यांची पिढीजात समजूत. लहान शांदोरच्या कानांवर याच कथा पडल्या असल्या पाहिजेत. हंगेरियन टोळ्या नवव्या शतकाच्या अखेरीस, इ.स. ८९५ च्या सुमारास, पूर्वेकडून येऊन कार्पेथियन पर्वतांच्या कुशीत स्थिरावल्या, हे इतिहासाला ठाऊक होते. पण त्या आधी कुठे होत्या, मागे राहिलेले भाऊबंद कुठे आहेत, या प्रश्नांना त्या काळी खात्रीचे उत्तर नव्हते. भोवती सगळे जर्मन, स्लाव्ह आणि रुमानियन. कुणाचीच भाषा आपल्याशी जुळत नाही. भर वस्तीत एकटे घर असावे तशी या लोकांची अवस्था होती.

१७९९ साली तो एन्येद येथील बेथलेन महाविद्यालयात दाखल झाला. फी द्यायला पैसे नव्हते; म्हणून वर्ग झाडणे, वरच्या वर्गातील मुलांची कामे करणे अशा मोबदल्यात त्याने शिक्षण घेतले. आपल्याकडे वार लावून शिकलेल्या मुलांच्या हकिगती आपण ऐकतो, तशीच ही हकिगत. येथेच त्याने आणि दोन सोबत्यांनी हंगेरियनांचे मूळस्थान शोधण्याचा निश्चय केला. त्या दोघांची वाट पुढे वेगळी झाली. चोमाने तो निश्चय सोडला नाही. १८१६ ते १८१८ या काळात तो जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात शिकला. तेथे त्याने इंग्रजी आणि अरबी यांचा अभ्यास केला. मध्य आशियातील उइगुर लोकांचे नाव त्याच्या मनात ठसले. उइगुर, उगर, उंगर, हुंगर! अक्षरे किती जवळ! आपले आडनाव दूरच्या गावच्या पाटीवर दिसावे तसे त्याला झाले असेल. आजोबांना कोकणातल्या त्या गावाचे नाव प्रथम कळले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला या ठिकाणी आठवला.

* * *

१८१९ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस, सीमेवरचे डोंगर ओलांडून चोमा निघाला. जवळच कुठे फिरून यावे इतक्या साध्या पोशाखात, हातात काठी आणि एक गाठोडे. एन्येदच्या गुरुजनांनी त्याला परावृत्त करून पाहिले होते. नोकरीही सुचवली होती. त्याने ऐकले नाही. वय पस्तीस. मायदेश त्याला पुन्हा दिसणार नव्हता.

बुखारेस्ट, सोफिया करीत तो समुद्रकाठी आला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्लेग होता. म्हणून जहाजाने अलेक्झांड्रिया गाठले. तेथेही साथ. मग सीरियाचा किनारा, अलेप्पो, मोसूल. तेथून तैग्रिस नदीत तराफ्यावर बसून बगदाद. १८२० च्या ऑक्टोबरात तो तेहरानला पोचला. तेथल्या इंग्रज वकिलातीतील विलॉक बंधूंनी त्याला आसरा दिला. काही महिने राहून त्याने फारसी पक्की केली आणि १८२१ च्या मार्चमध्ये, आपले कागदपत्र तेथेच ठेवून, तो पुन्हा निघाला. आता तो सिकंदर बेग झाला होता. नावांचा माग काढणाऱ्या माणसाला स्वतःचे नाव असे बदलावे लागले. मशहदला लढायांमुळे काही महिने अडकून पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बुखारा गाठले. पण रशियन फौज येत असल्याच्या अफवा ऐकून पाच दिवसांतच तो दक्षिणेकडे वळला. बल्ख, बामियान, काबूल आणि १८२२ च्या मार्चमध्ये महाराजा रणजितसिंहांचे लाहोर. त्या वर्षी जूनमध्ये तो लडाखची राजधानी लेह येथे उभा होता.

पुढचा टप्पा होता यारकंद. तेथून उइगुरांचा मुलूख. पण त्या वाटेला खर्च फार आणि परक्या ख्रिस्ती माणसाच्या जिवाला धोका. हाती पैसे नव्हते. इच्छित स्थळ डोंगरापलीकडे असताना त्याला माघारी वळावे लागले. १६ जुलै १८२२ रोजी, परतीच्या वाटेवर द्रासजवळ, त्याला विल्यम मूरक्रॉफ्ट भेटला. हा ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य, घोड्यांच्या शोधात हिमालय तुडवणारा आणि रशियाच्या हालचालींवर डोळा ठेवणारा गृहस्थ. त्याच्याजवळ जॉर्जी नावाच्या धर्मोपदेशकाचा, १७६२ साली रोममध्ये छापलेला तिबेटीवरचा ग्रंथ होता. तो त्याने चोमाला दाखवला. इंग्रजांना तिबेटी जाणणारा माणूस हवा होता. चोमाला वाटले, तिबेटी पोथ्यांच्या भांडारात आपल्या पूर्वजांचा धागा मिळेल. दोघांच्या गरजा भिन्न. पण रस्ता एक झाला.

तिबेटी शिकण्याचे काम मी दोन वर्षांत उरकतो आणि मग पुढे जातो, असाच त्याचा हिशेब असावा. तो हिशेब वीस वर्षे चालला.

* * *

१८२३ च्या जूनमध्ये चोमा झांस्करमधील झांगला येथे गेला. तेथील लामा सांग्ये फुंत्सोग हा त्याचा गुरू. जेमतेम नऊ फूट लांबरुंद खोलीत गुरुशिष्य बसत. बाहेर बर्फ, आत शेकोटी नाही, रात्री दिवा नाही. मेंढीच्या कातड्यात गुरफटून घ्यावे आणि पान उलटण्यापुरता हात बाहेर काढावा. असे सोळा महिने गेले. या काळात त्याने हजारो शब्द गोळा करून लावले. आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री पंखा बंद पडला तर तक्रार करतो, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिले.

१८२४ च्या अखेरीस तो सिमल्याजवळच्या सबाथू छावणीत उतरला. तेथे त्याच्याकडे हेर म्हणून पाहिले गेले. आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो, याची सविस्तर कैफियत त्याला १८२५ च्या जानेवारीत लिहून द्यावी लागली. त्याचे पूर्वायुष्य आज आपल्याला माहीत आहे, ते मुख्यतः या संशयामुळे! सरकारने अखेर दरमहा पन्नास रुपये मंजूर केले. तो पुन्हा झांस्करला गेला, फुगतालच्या गुहेतील मठात राहिला. काम अपुरे वाटले म्हणून १८२७ पासून तीन वर्षे त्याने किन्नौरमधील कानम येथे काढली. तेथे कांग्यूर आणि तेंग्यूर या तिबेटी धर्मग्रंथांचे शेकडो खंड होते. डॉ. जेरार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ १८२८ साली त्याला तेथे भेटले. या अवलियाने लोणी घातलेल्या चहावर दिवस काढावेत, भेट म्हणून आणलेल्या वस्तू परत कराव्यात, आणि त्याच वेळी आपल्या कामाविषयी लहान मुलासारख्या उत्साहाने बोलावे, याचे त्यांना नवल वाटले.

या अभिमानाला दुसरी बाजूही होती. मदत करू पाहणाऱ्यांना तो दुखावत असे, सहज रुष्ट होत असे. सरकारी पैसा घेतला आहे, तेव्हा दिलेला शब्द पुरा झाल्याशिवाय स्वतःच्या शोधाकडे वळायचे नाही, हा त्याचा बाणा होता. माझ्या मते त्याच्या आयुष्याची खरी मेख येथे आहे. त्याचा स्वतःचा शोध जेवढा मागे पडत गेला, तेवढे हातातले काम त्याने अधिक चोख केले.

१८३१ साली तो कलकत्त्याला आला. १८३४ साली त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटी व्याकरण ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीने त्याला सन्माननीय सभासद केले. कांग्यूरमध्ये काय काय आहे, याचा विस्तृत आढावाही त्याने सोसायटीच्या ग्रंथमालेत दिला. भारतात नष्ट झालेल्या कित्येक बौद्ध संस्कृत ग्रंथांची भाषांतरे तिबेटीत टिकून आहेत, हे जगापुढे आणण्यात त्याचा वाटा मोठा आहे. म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता शोधणाऱ्या या माणसाने आपल्या घरातील हरवलेल्या ठेव्याची यादी आपल्याला करून दिली. हे ऋण आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच नोंदलेले आढळते.

पुढे १८३७ पासून तो सोसायटीचा ग्रंथपाल होता. तेथेच पुस्तकांच्या चार पेट्या मांडून, त्यांच्या मधोमध चटईवर तो बसे, लिही आणि तेथेच झोपे. अन्न म्हणजे उकडलेला भात आणि चहा. शोफ्ट नावाच्या हंगेरियन चित्रकाराने १८४० साली त्याचे चित्र रेखाटले. त्यामुळे तो दिसत कसा होता हे आज कळते. मायदेशातून त्याच्यासाठी जमवून पाठवलेला पैसा त्याने स्वतःवर खर्च केला नाही. तो तिकडच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी परत पाठवला.

* * *

१८४२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने पुन्हा गाठोडे बांधले. दिलेला शब्द पुरा झाला होता. आता सिक्कीममार्गे ल्हासा आणि तेथून उइगुरांचा मुलूख. वाटेत तराईचे जंगल लागले. तेथला हिवताप त्याला भोवला. २४ मार्चला तो दार्जिलिंगला पोचला. तेथील अधिकारी डॉ. कॅम्पबेल यांच्याशी तो आपल्या पूर्वजांविषयी, हूण आणि उइगुरांविषयी, तापातही उत्साहाने बोलत राहिला. औषध घ्यायला मात्र तयार नव्हता. ११ एप्रिल १८४२ च्या पहाटे त्याचा अंत झाला. मागे राहिल्या त्या पुस्तकांच्या चार पेट्या, थोडे कपडे आणि स्वयंपाकाचे एक भांडे. एशियाटिक सोसायटीने त्याच्या थडग्यावर उभारलेला स्तंभ आज संरक्षित स्मारक आहे. जपानमधील बौद्धांनी १९३३ साली टोकियोत त्याला बोधिसत्त्वाचा मान दिला.

आणि ते मूळ गाव? ते त्या दिशेला नव्हतेच.

खरे उत्तर त्याच्या जन्माआधीच छापले गेले होते. शायनोविच हा हंगेरियन जेझुइट १७६९ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेला होता. तेथील लॅप लोकांची भाषा आणि हंगेरियन यांचे नाते त्याने १७७० साली दाखवून दिले. १७९९ साली ग्यार्मती या पंडिताने गॉटिंगेनलाच ग्रंथ काढून हे नाते फिन्निश आणि इतर उत्तरी भाषांपर्यंत नेले. पण अत्तिलाचे वारस म्हणवणाऱ्यांना मासे धरणारे गरीब नातेवाईक नको होते. मासळीच्या वासाची सोयरीक म्हणून तिची चेष्टा झाली. पुरावा मात्र साधा होता. हंगेरियनमध्ये पाण्याला विझ म्हणतात, उरल पर्वतापलीकडचे मान्सी लोक वित म्हणतात, फिन लोक वेसी. तीनला हंगेरियन हारोम, मान्सी हूरूम. पाणी, हात, तीन असे शब्द माणूस सहसा उसने आणत नाही. चोमा वारला, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४३ साली, आंताल रेगुली हा तरुण हंगेरियन अभ्यासक उरलच्या त्या प्रदेशाकडे निघाला आणि मान्सी व खांती लोकांची गाणी टिपून परतला. आज जुन्या दफनभूमींतील अस्थींची तपासणी होते. तीही उरलच्या परिसराकडे, आणि वाटेत मिसळलेल्या गवताळ प्रदेशातील लोकांकडे बोट दाखवते.

गंमत अशी, की चोमाला फसवणारे ते 'हुंगर' नाव हंगेरियन लोकांचे स्वतःचे नव्हेच. ते परक्यांनी दिलेले. ओनोगुर, म्हणजे 'दहा बाण', या एका तुर्की टोळीसंघाच्या नावावरून ते आले असे मानतात. ते स्वतःला मज्यार म्हणवतात. आणि त्या शब्दाचा पहिला भाग व मान्सी हे नाव एकाच मुळातून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. लोकांनी ठेवलेल्या नावाचा माग त्याने काढला. घरच्या नावात उत्तर दडलेले होते. वरवरच्या साम्यावरून नाते जोडू नये, हा धडा या जीवनातून कुणीही घ्यावा. आडनावांवरून जाती-कुळी ठरवणाऱ्या आपल्या समाजाने तर अवश्य घ्यावा.

* * *

तरीही पुस्तक मिटताना चोमाची कीव आली नाही. तसे का, याचा विचार करीत मी सुट्टीत घरी गेलो आणि आजोबांची वही माळ्यावरून काढली. दोनशे पानी वही. पहिल्या चार पानांत आमच्या आडनावाविषयी टिपणे आहेत. त्या दोन गावांची नावे, एस.टी.चे वेळापत्रक, गुरवाने सांगितलेली माहिती. पाचव्या पानापासून आमचे आडनाव कुठेच नाही. तेथे गावातल्या इतरांचे मोडी कागद आजोबांनी बाळबोध लिपीत उतरवून ठेवले आहेत. कुणाचे गहाणखत, कुणाच्या विहिरीच्या पाण्याची पाळी, कुणाच्या भावकीचा वाटणीपत्राचा मसुदा. आजोबा मोडी वाचतात हे कळल्यावर लोक पिशवीत कागद घेऊन येऊ लागले होते, हे मी पाहिले होते. आई त्यांना चहा देई. मला ती केवळ वर्दळ वाटे.

जेवताना मी त्यांना जे बोललो, ते आता परत घेता येत नाही. त्या वहीची शेवटची वीस पाने कोरी आहेत. शेजारच्या वाडीतील एक म्हातारे गृहस्थ परवा दोन कागद घेऊन आले. आजोबा नाहीत हे ठाऊक असूनही आले. मी ते ठेवून घेतले आहेत आणि मोडीची मुळाक्षरे गिरवायला सुरुवात केली आहे. पहिली ओळ लावायला मला तीन दिवस लागले. त्या कागदांत आमचे आडनाव नाही. म्हाताऱ्यांचे आहे.